शाय शाय बीच: ओहोटी गाठून करायची सहल

ऑलिंपिक नॅशनल पार्क म्हटलं की सिएटलकडच्या मराठी मंडळींना हरिकेन रिज, होह रेन फॉरेस्ट आणि रूबी बीच आठवतात. तिन्ही ठिकाणी गाडी अगदी जवळपर्यंत जाते. शाय शायला ती जात नाही. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, मकाह जमातीच्या राखीव प्रदेशातून सुमारे दोन मैल चालायचं, त्यातली निम्मी वाट चिखलाची. मग दोराचा आधार घेत कडा उतरायचा. खाली पोहोचलं की दोनेक मैल लांब वाळूचा किनारा लागतो. त्याच्या दक्षिण टोकाला पॉइंट ऑफ आर्चेस आहे, म्हणजे समुद्रात रांगेने उभे असलेले खडकांचे सुळके, कमानी आणि गुहा. पार्क १९३८ सालचं, पण हा तुकडा त्यात १९७६ साली आला. रस्ता किनाऱ्यापर्यंत नाही म्हणूनच इथली शांतता टिकून आहे.

इथे येऊन हिरमुसलेल्या लोकांची कारणं विचारली तर पाऊस किंवा चिखल क्वचितच निघतो. बहुतेक जण चुकीच्या वेळी पोहोचलेले असतात. साडेचार तास गाडी आणि अडीच तास पाय चालवून पॉइंट ऑफ आर्चेसला जावं, तर कमानींच्या पायथ्याशी छातीभर पाणी आणि लाटा. म्हणून या लेखातलं सगळं नियोजन ओहोटीपासून सुरू होतं.

आधी ओहोटी, मग तारीख

आपण सुट्टी बघून तारीख ठरवतो आणि भरती-ओहोटी आदल्या रात्री मोटेलच्या खोलीत बघतो. हे उलट करा. अमेरिकन सरकारच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटीचे तक्ते फुकट मिळतात. त्यात 'ला पुश' हे ठिकाण निवडा. निया बे गाव शाय शायला जास्त जवळ आहे, पण ते सामुद्रधुनीच्या आत आहे. ला पुश मात्र शाय शायसारखंच उघड्या समुद्रावर आहे.

तक्ता वाचणं सोपं आहे. दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी खोल जाते, दुसरी अर्ध्यावरच थांबते. उंची फुटांत दिलेली असते. शून्य म्हणजे दिवसातल्या खोल ओहोटीची दीर्घकालीन सरासरी पातळी. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर पाणी त्याहूनही मागे जाणार. रोजच्या सर्वात मोठ्या भरतीत आणि सर्वात खोल ओहोटीत इथे सरासरी आठेक फुटांचा फरक पडतो.

कोकणातल्या माणसाला तिथीवरून अंदाज बांधता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात सौम्य. हे इथेही लागू आहे, कारण चंद्र तोच आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सगळ्यात खोल जाते, म्हणून कमानी बघायला तेच दिवस चांगले. फक्त वेळ मात्र तक्त्यावरूनच घ्या. रत्नागिरीची वेळेची गणितं इथे चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट उपयोगी आहे. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर वसंत आणि उन्हाळ्यात खोल ओहोटी सकाळी उजेडात येते, हिवाळ्यात ती रात्री येते. त्यामुळे मे ते ऑगस्ट हा काळ उत्तम. त्यातही सकाळी सात ते अकराच्या दरम्यान ओहोटी एक फूट किंवा त्याहून खाली जाणारा दिवस शोधा. उणे आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

तक्ता बघताना हमखास होणाऱ्या दोन चुका. पहिली घड्याळाची. काही छापील तक्ते आणि काही ॲप वर्षभर 'स्टँडर्ड टाइम' दाखवतात, आणि उन्हाळ्यात आपलं घड्याळ एक तास पुढे असतं. तक्त्यावर डेलाइट सेव्हिंगची नोंद आहे का ते बघा, नाहीतर एका तासाने चुकाल. दुसरी चूक म्हणजे तक्त्याला शब्दशः मानणं. तो चंद्र-सूर्याच्या गणितावर बांधलेला असतो. वादळ, कमी दाब किंवा समुद्रावरून येणारे मोठे लोट असतील तर पाणी तक्त्यापेक्षा बरंच वर चढतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी लाटांच्या उंचीचा अंदाजही बघा.

उलटी मोजणी

समजा ओहोटी सकाळी ९:३० ला आहे. पॉइंट ऑफ आर्चेसला त्याच्या तासभर आधी, म्हणजे ८:३० ला पोहोचायला हवं. पाणी उतरत असताना खडकांत शिरायचं आणि चढायला लागलं की बाहेर यायचं, हा नियम. कडा उतरल्यापासून तिथपर्यंत वाळूतून दोन मैल, तासभर लागेल. म्हणजे ७:३० ला तुम्ही कड्याखाली हवेत. गाडीतळापासून कड्याखालपर्यंत चिखलासकट सव्वा ते दीड तास. म्हणजे सहाच्या सुमारास चालायला सुरुवात. निया बेहून तिथपर्यंत गाडीने वीस-पंचवीस मिनिटं धरा, म्हणजे साडेपाचला मुक्कामावरून निघायचं. जूनमध्ये तोपर्यंत उजाडलेलं असतं.

सिएटलहून त्याच दिवशी निघायचं म्हटलं तर हेच गणित रात्री दीडच्या आसपास जाऊन पोहोचतं, आणि पहाटे फेरीबोट मिळेलच असं नाही. म्हणून एका दिवसात सिएटल ते सिएटल असा बेत आम्ही सुचवत नाही. रात्रभर जागलेला माणूस परतीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवतो, ही यातली खरी जोखीम. आदल्या रात्री निया बे, सीक्यू किंवा फार तर पोर्ट एंजेलिसला मुक्काम करा. नाहीतर किनाऱ्यावरच तंबू ठोका, त्याबद्दल पुढे.

दोन परवाने, दोन मालक

शाय शायच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. किनारा नॅशनल पार्कचा आहे, पण तिथे नेणारी वाट मकाह लोकांच्या जमिनीवरून जाते. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी लागतात.

पहिली, मकाह रिक्रिएशन पास. दिवसभरासाठी या किंवा मुक्कामाला, तो घ्यावाच लागतो. गाडीमागे २० डॉलर, आणि त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरपर्यंत चालतो. निया बेमधलं किराणा दुकान, पेट्रोल पंपाजवळचं मिनी मार्ट, म्युझियम अशा ठिकाणी मिळतो. पहाटे निघणार असाल तर ही दुकानं बंद असतील, तेव्हा आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. गाडीच्या काचेतून बाहेरून दिसेल असा लावा. पार्कचा वार्षिक पास किंवा 'अमेरिका द ब्युटिफुल' पास या ठिकाणी चालत नाही, कारण ही जमीन संघीय पार्कची नाही.

हा पास म्हणजे गाडीतळाचं भाडं समजू नका. मकाह लोक इथे हजारो वर्षं राहतात. १८५५ च्या निया बे करारात त्यांनी मोठा प्रदेश सोडला, पण मासेमारी आणि व्हेल शिकारीचा हक्क लिहून घेतला. कोविडच्या काळात त्यांनी मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत राखीव प्रदेश बाहेरच्यांसाठी पूर्ण बंद ठेवला होता, आणि तेवढा काळ ही वाटही बंद होती. तो अधिकार त्यांचा आहे. गावातून जाताना वेग कमी ठेवा, लोकांच्या अंगणात गाडी लावू नका, घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. निघण्याआधी जमातीच्या संकेतस्थळावर बंद-चालूची सूचना बघून घ्या.

दुसरा परवाना फक्त मुक्कामासाठी लागतो. तो ऑलिंपिक नॅशनल पार्कचा 'विल्डरनेस परमिट', रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतो. सध्या माणशी दर रात्री ८ डॉलर आणि आरक्षणाचे ६ डॉलर. पंधरा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना दर रात्रीचं शुल्क नाही. उन्हाळी हंगामाचं आरक्षण एप्रिलच्या मध्यावर खुलं होतं आणि शाय शायच्या शुक्रवार-शनिवारच्या जागा लवकर संपतात. आठवड्याच्या मधल्या रात्री बघा. एका गटात जास्तीत जास्त बारा जण चालतात, आणि सातच्या वर गेलात की मोठ्या गटासाठीच्या मोजक्याच जागा उरतात. तीन-चार कुटुंबांनी मिळून जायचं असेल तर हे आधी मोजा. परवाना छापून सोबत घ्या. फोनला तिथे रेंज नसते.

कुत्र्याला मात्र घरीच ठेवावं लागेल. शाय शायवर पाळीव प्राण्यांना बंदी आहे. ड्रोनलाही.

रस्ता

सिएटलहून बेनब्रिज किंवा एडमंड्सहून किंग्स्टनची फेरी, मग हूड कनालचा पूल, हायवे १०१ ने पोर्ट एंजेलिस, तिथून पुढे हायवे ११२ धरून क्लॅलम बे, सीक्यू आणि निया बे. फेरीची रांग सोडून साडेचार तास धरा. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी रांगच तास-दीड तास खाते. हूड कनालचा पूल जहाजांसाठी उघडतो तेव्हा अर्धा तास थांबावं लागू शकतं.

पोर्ट एंजेलिसला टाकी भरून घ्या. पुढचा ११२ चा रस्ता अरुंद, समुद्राच्या कडेने वळणं घेत जाणारा आहे आणि पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. लाकडं वाहणारे ट्रक मागून आले तर बाजूला थांबून वाट द्या.

या पट्ट्यात एक गंमत नसलेली गोष्ट घडते. समोरच्या व्हँकूव्हर बेटावरचा कॅनडाचा सिग्नल फोन पकडतो आणि रोमिंगचं बिल लागतं. रोमिंग बंद ठेवा आणि नकाशे आधीच उतरवून घ्या.

निया बे गाव ओलांडून केप फ्लॅटरीच्या दिशेने निघा, मग डावीकडे होबक बीचकडे वळा आणि पुढे 'फिश हॅचरी'च्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्राच्या, पाट्या धरा. हॅचरीच्या थोडं अलीकडे वाटेची सुरुवात आहे. तिथला तळ फक्त दिवसभरासाठी आहे. मुक्कामाला जाणाऱ्यांनी त्याच रस्त्यावर थोडं अलीकडे स्थानिक लोकांच्या अंगणातल्या खासगी जागेत गाडी लावायची. सध्या साधारण दिवसाला १० डॉलर, आणि तेही रोख. कार्ड चालत नाही, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. तिथून वाटेच्या तोंडापर्यंत अर्ध्या-पाऊण मैलाची जादा चाल आहे, ती वेळेत धरा. या भागात गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या झालेल्या आहेत. आत काहीही दिसेल असं ठेवू नका, चार्जरची वायरसुद्धा नाही.

चिखल आणि कडा

वाटेचा पहिला भाग फसवा आहे. लाकडी फळ्या, छोटे पूल, दोन्ही बाजूंना देवदार आणि नेच्याची दाट झाडी. लहान मुलंही पळत जातात. मग फळ्या संपतात आणि जुन्या रस्त्याचा चिखल सुरू होतो. या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे १०० इंच पाऊस पडतो, जमीन सपाट आहे, पाणी निचरत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्येही काही डबकी घोट्यापर्यंत असतात, आणि पावसानंतर नडगीपर्यंत.

चिखलात माणसं एकच चूक करतात: बूट वाचवायला कडेने जातात. कडेची माती मऊ असते, झाडांची मुळं निसरडी असतात. पाय मुळावरून घसरतो आणि घोटा मुरगळतो. शिवाय दर वेळी कडेने गेल्यामुळे वाट रुंद होत जाते आणि झाडं मरतात. सरळ मधूनच चाला. मधे खाली बहुतेक ठिकाणी कडक तळ लागतो. काठीने खोली बघून मगच पाय टाका. बूट चिखलाचे होणार हे घरूनच मान्य करून निघा. जुने पण चांगली पकड असलेले घोट्यापर्यंतचे बूट, लोकरीचे मोजे आणि पिशवीत मोज्यांची कोरडी जोडी. गमबूट चिखलात चालतात, पण कडा उतरताना त्यांत टाच हलते. चपला, फ्लोटर्स अजिबात नकोत. चिखल चप्पल पायातून ओढून घेतो.

दोनेक मैलांवर पार्कची हद्द लागते आणि झाडांच्या फटीतून समुद्र दिसायला लागतो. इथून कडा. दीडशे-दोनशे फूट उतार, मातीचा, मुळांचा, ठिकठिकाणी दोर बांधलेले. तोंड कड्याकडे करून, शिडी उतरावी तसं उतरा. दोर तोल सावरायला आहे, लटकायला नाही. तो कधी बांधला, किती झिजला आहे हे वरून कळत नाही, म्हणून आधी झटका देऊन बघा आणि वजन पायांवरच ठेवा. बागकामाचे साधे हातमोजे असतील तर ओल्या दोराने हात सोलत नाहीत. एका दोरावर एका वेळी एकच माणूस. पाठीवरची पिशवी घट्ट बांधा. बाजूला लटकणारी पाण्याची बाटली किंवा झोपायची चटई मुळात अडकते आणि माणूस मागे ओढला जातो. चढणाऱ्याला आधी जाऊ द्या.

खाली वाळूवर पाय टेकला की पुढे पळण्याआधी मागे वळून बघा. झाडीत शिरणाऱ्या या वाटेच्या तोंडाशी लाल-काळ्या वर्तुळाची गोल खूण टांगलेली असते. तिचा, तिच्या आजूबाजूच्या झाडांचा आणि समोरच्या ओंडक्यांचा फोटो काढा आणि जीपीएसवर जागा नोंदवा. परतताना धुकं असेल किंवा संधिप्रकाश असेल, तर हिरव्या भिंतीत ही फट शोधणं खरंच अवघड जातं.

किनाऱ्यावर

डावीकडे, म्हणजे दक्षिणेला चालायचं. ओल्या वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि दोन मैलांचे तीन वाटतात.

वर कडेला पांढरे पडलेले प्रचंड ओंडके पसरलेले दिसतील. फोटोला सुंदर, पण त्यांच्यापासून सावध. पाणी पोहोचू शकत असेल तेव्हा त्यांच्यावर उभं राहू नका, त्यांच्या समोरच्या बाजूला बसू नका. टनभर वजनाचा ओंडका घोटाभर पाण्यातही तरंगतो आणि एका लाटेत कलंडतो. पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर माणसं अशी चिरडून मेली आहेत. मुलांना ओंडक्यांवर खेळू देण्याआधी बघा, वाळू कोरडी आहे ना आणि पाणी उतरत आहे ना.

पोहण्याचा विचार करू नका. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस. एवढ्या थंड पाण्यात अचानक पडलं की श्वास अडकतो आणि काही मिनिटांत हातपाय नीट चालेनासे होतात. आत समुद्राकडे ओढणारे प्रवाह आहेत. जीवरक्षक नाही. गुडघ्यापर्यंत पाय भिजवा, तेही समुद्राकडे तोंड करून. शांत समुद्रातही मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे येते.

आता पॉइंट ऑफ आर्चेस. पाणी उतरलं की सुळक्यांच्या मधून वाळूच्या वाटा उघड्या होतात. कमानींच्या खालून जाता येतं आणि खडकांच्या खोबणीत राहिलेल्या पाण्यात सगळं जग भरलेलं असतं. एखाद्या डबक्याजवळ दहा मिनिटं उकिडवं बसून बघा. आपली सावली पाण्यावर पडली की सगळे प्राणी दडतात, ते परत बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. हिरवी समुद्रफुलं पाण्यात असतात तेव्हा त्यांचे झुबके उलगडलेले असतात. पाणी सुटलं की ती मिटून वाळूचे कण चिकटलेल्या गोळ्यासारखी दिसतात, आणि अशा वेळी लोक दगड समजून त्यांच्यावर पाय देतात. जांभळे आणि नारिंगी तारामासे खडकाच्या सावलीच्या बाजूला शिंपल्यांच्या पट्ट्याखाली चिकटलेले असतात. २०१३ पासून पॅसिफिक किनाऱ्यावर पसरलेल्या रोगाने तारामासे मोठ्या संख्येने मेले. म्हणून जे दिसतील त्यांना ओढून काढू नका. ओढल्यावर त्यांचे नळीसारखे पाय तुटतात. पाय उघड्या खडकावर किंवा वाळूवर टाका. काळपट हिरव्या शेवाळावर घसरायला होतं आणि बार्नॅकलच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या, कडा ब्लेडसारख्या कापतात.

दूरवर केल्पच्या, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळाच्या, पट्ट्यात काळं डोकं दिसलं तर ते समुद्री ऊदमांजर असू शकतं. शिकारीमुळे या किनाऱ्यावरून ती नाहीशी झाली होती. १९६९ आणि १९७० साली अलास्काहून ५९ ऊदमांजरं आणून सोडली, आजची सगळी त्यांचीच प्रजा. दुर्बीण असेल तर सोबत घ्या. इतर वेळी ती पिशवीत वजन होते, इथे होत नाही.

वेळ विसरायला लावणारी जागा आहे, म्हणून ओहोटीच्या वेळेचा गजर लावून ठेवा. तो वाजला की परतीला लागायचं. भरती सुरू झाल्यावर पहिला तास पाणी हळू चढतं, काहीच होत नाही असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सर्वात वेगाने येतं. लोक फसतात ते या पहिल्या तासाच्या संथपणामुळे. पुढच्या खाचेत शिरतात, मागची वाट आधी बुडते आणि मागे उभा कडा. कडा मातीचा, ठिसूळ आहे, चढता येत नाही. कुठल्याही सुळक्यामागे जाण्याआधी स्वतःला विचारा: ही वाट बंद झाली तर दुसरी कोणती? दुसरी नसेल तर पाणी उतरत असतानाच जा.

पॉइंट ऑफ आर्चेसच्या पुढे ओझेटपर्यंत चालत जाणारी वाट आहे. त्यात भूशिरांवरचे दोराचे चढ आणि ओझेट नदी ओहोटीला ओलांडणं आहे. पहिल्या खेपेला नको.

मुक्काम करणार असाल तर

तंबू वाळूवर किंवा कडेच्या झाडीत आधीपासून तयार असलेल्या जागांवर लावता येतो. वाळूवर लावणार असाल तर आधी ओली शेवाळाची ओळ शोधा, तिथपर्यंत कालची भरती आली होती. त्याच्या बरंच वर जा. उन्हाळ्यात खोल ओहोटी सकाळी असते, तशी दिवसातली मोठी भरती बहुतेक वेळा रात्री उशिरा येते. दुपारच्या भरतीची रेघ बघून तंबू लावणारे मध्यरात्री भिजतात ते यामुळेच. तक्त्यातला रात्रीचा आकडा बघा. उधाणात झाडीतलीच जागा घ्या.

अन्नासाठी बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा कडक डबा, ऑलिंपिकच्या सगळ्या किनाऱ्यावर सक्तीचा आहे. इथे खरा त्रास अस्वलापेक्षा रकूनचा. ते रात्री येतात, हातांनी झिप उघडतात, पिशवी फाडतात. झाडाला टांगलेली पिशवी चालत नाही. डबे पोर्ट एंजेलिसच्या विल्डरनेस इन्फर्मेशन सेंटरमध्ये मिळतात, पण मोजकेच, म्हणून आधी चौकशी करा. दोन जणांना दोन रात्रींसाठी साधारण ११ लिटरचा डबा पुरतो. त्यात फक्त जेवण नाही, वास येणारं सगळं ठेवायचं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, कचऱ्याची पिशवी. आपल्या जेवणाला वास जास्त, हे लक्षात असू द्या. लसणाची चटणी आणि मेतकूट झिपच्या दोन पिशव्यांत भरा. दशम्या, भडंग, कोरडं उप्पीठ-पिठलं, मेतकूट-भात हे वजनाला हलकं आणि पटकन होणारं. आंब्याच्या लोणच्याची काचेची बरणी कृपया नको. डबा तंबूपासून लांब, वाळूत जमिनीवर ठेवा. ओंडक्यावर ठेवला तर घरंगळतो.

प्यायचं पाणी ओढ्यातून घ्यावं लागतं. दक्षिणेकडे जाताना पेट्रोलियम क्रीक लागतो आणि टोकाकडे विलोबी क्रीक. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसेल. तो पानांचा आणि सालींचा रंग आहे, घाण नाही. त्यात जंतू मात्र असू शकतात. गाळणीने गाळा किंवा किमान एक मिनिट खळखळ उकळा. आयोडीनच्या गोळ्यांवर विसंबू नका, क्रिप्टोस्पोरिडियम हा पोट बिघडवणारा जंतू त्यांनी मरत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ओढ्यांची धार बारीक होते, म्हणून पुढचा ओढा चालू असेल या भरवशावर बाटल्या रिकाम्या ठेवू नका.

शेकोटी फक्त वाळूवर, झाडीत नाही. किनाऱ्यावर वाहून आलेली मनगटाएवढी बारीक लाकडंच वापरा, झाडाची फांदी तोडायची नाही. कोरड्या हंगामात शेकोटीला पूर्ण बंदी असते, ती परवान्यावर बघा. लाकडं बहुधा ओली असतात, तेव्हा स्वयंपाकासाठी स्टोव्ह न्याच. शौचासाठी ओढ्यापासून आणि तंबूपासून २०० फूट दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा. वापरलेला कागद पिशवीत भरून परत आणायचा.

रात्री किंवा दिवसा, उभं राहणं कठीण व्हावं इतकी जमीन हादरली, किंवा हादरे बराच वेळ थांबलेच नाहीत, तर कुठल्याही भोंग्याची वाट न बघता लगेच उंचावर जा. या किनाऱ्याखाली कॅस्केडिया भ्रंश आहे. त्याने शेवटचा मोठा हादरा २६ जानेवारी १७०० ला दिला आणि त्या त्सुनामीच्या लाटा जपानपर्यंत पोहोचल्या. तंबू लावल्यावर सगळ्यात जवळचा चढ कुठे आहे तो मुलांसह एकदा चालून बघा.

थंडीचं म्हणाल तर जुलैतही दिवसाचं तापमान पंधरा-अठरा अंशांच्या आसपास, सकाळी धुकं, आणि सगळं दमट. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. लोकर किंवा सिंथेटिक, वर पावसाचं जाकीट. कोणी अडकलं तर फोन लागणार नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र न्या, आणि घरी कुणाला तरी परतण्याची वेळ लिहून द्या.

आई-बाबा सोबत असतील तर

भारतातून आलेल्या आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर कडा टाळा. उतरताना दोर धरून जमेलही, चढताना दम आणि गुडघे दोन्ही जातात. त्यांच्यासाठी त्याच मकाह पासवर केप फ्लॅटरीची वाट आहे. एकेरी पाऊण मैल, बरीचशी फळ्यांची, आणि शेवटी अमेरिकेच्या सलग भूभागाचं वायव्य टोक. अर्धा दिवस निया बेमधल्या मकाह म्युझियमला द्या. मकाह लोकांच्या ओझेट गावातली घरं काही शतकांपूर्वी चिखलाच्या लोंढ्याखाली गाडली गेली होती. १९७० मध्ये वादळाने ती उघडी पाडली, मग अकरा वर्षं उत्खनन झालं आणि सुमारे ५५,००० वस्तू निघाल्या. चिखलात हवा न पोहोचल्यामुळे लाकूड, टोपल्या, विणकाम कुजलं नाही. त्यांतल्या निवडक वस्तू तिथे मांडलेल्या आहेत. म्युझियम १९७९ साली उघडलं. उघडण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा.